कोरडी सुई

आईचा उजवा हात वर जायचा थांबला तो मार्गशीर्षात. बरेच दिवस तिने कुणाला कळू दिलं नाही. फळीवरचा डबा डाव्या हाताने काढायचा, अंबाडा घालायच्या ऐवजी केस नुसते चापात अडकवायचे, पोळ्या लाटताना मध्येच थांबून ओट्याला टेकायचं. मला कळलं ते एका सकाळी. पाठीमागून पदर ओढून घेताना तिचा हात कमरेशीच अडला आणि तिने ओठ घट्ट मिटून घेतले. मी विचारलं तर म्हणाली, "खांदा भरून आलाय नुसता. जाईल."

गेला नाही. निर्गुडीच्या पाल्याचा शेक झाला, तेल झालं, शेजारच्या काकूंनी वात धरल्याचं निदान केलं. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या गावी तिच्या लहानपणी कुणाला उसण भरली की पायाळू माणूस शोधत. पायाकडून जन्मलेल्या माणसाने पाठीला पाय लावला की उसण उतरते, अशी समजूत. त्यानेही भागलं नाही तर बिब्ब्याचा चटका किंवा तुंबडी. दुखऱ्या जागेलाच डिवचायचं, म्हणजे ती सोडून देते, ही जाण त्या सगळ्या उपायांत आहे. मी त्यांचं समर्थन करत नाही; बिब्ब्याने कातडी जळलेली माणसं मी पाहिली आहेत. पण पुढे जे पाहिलं त्यामुळे त्या जुन्या माणसांच्या निरीक्षणाबद्दल मला आदर वाटू लागला.

आणि शब्दांबद्दलही. उसण भरते, मान धरते, पोटरीत गोळा येतो, पाठीत चमक निघते, कंबर लचकते, खांदा भरून येतो. यातलं प्रत्येक दुखणं वेगळं, हे भाषेला ठाऊक आहे. आईच्या फाइलवर मात्र एवढंच होतं : उजवा खांदा, वेदना. एक्स-रे चांगला. साखर तपासली, तीही बेताची. गोळ्या घेतल्या की चार दिवस बरं, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी अस्थिरोगतज्ज्ञांनीच फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. तिथे मी 'ड्राय नीडलिंग' हे शब्द नुसते ऐकून गेले आणि माघापासून श्रावणापर्यंत त्या दवाखान्यात जात राहिले. आधी आईबरोबर, मग वही घेऊन एकटी.

*

कोथरूडमधला तो दवाखाना म्हणजे दोन खोल्या. तीन खाटा, भिंतीला लावलेली शिडी, रंगीत रबरी पट्टे आणि कोपऱ्यात सुयांसाठीचा पांढरा, भोक न पडणारा डबा. फिजिओथेरपिस्ट पस्तिशीच्या. आई त्यांना डॉक्टर म्हणते, मी मॅडम; त्या आईला काकू.

पहिल्या दिवशी सुईचं नावही निघालं नाही. "काकू, कोपर अंगाला चिकटवून ठेवा. आता पंजा बाहेर न्या, दार उघडल्यासारखा." आईचा हात जवळजवळ पूर्ण वळला. मॅडमनी स्वतः धरून वळवला, तेव्हाही वळला. त्यांचा चेहरा जरा सैल झाला. खांदा गोठला असता, म्हणजे लोक ज्याला फ्रोझन शोल्डर म्हणतात ते असतं, तर हीच हालचाल सगळ्यात आधी गेली असती. दुसऱ्याने वळवूनही सांधा वळला नसता. मग त्यांनी आईला पालथं झोपवलं आणि खवाट्यावरून अंगठा फिरवायला सुरुवात केली. घाई नव्हती. कणकेत राहिलेली गुठळी शोधावी तसा अंगठा स्नायूच्या धाग्यांना आडवा सरकत होता. एका जागी तो थांबला आणि दाबला.

आई कळवळली. पण तिचा डावा हात गेला तो खांद्याच्या पुढच्या बाजूला. "अगं बाई, हेच ते! इथंच दुखतं मला रोज."

दाब मागे, कळ पुढे. आम्ही दोन महिने खांद्याच्या पुढच्या भागाला तेल चोळत होतो, शेकत होतो. गाठ होती खवाट्यामागे, इन्फ्रास्पायनेटस नावाच्या पसरट स्नायूत.

दुखतं एकीकडे आणि दुखण्याचं ठाणं दुसरीकडे, ही गोष्ट वैद्यकाने प्रयोगाने मांडली ती १९३० च्या दशकात. लंडनमध्ये जॉन केलग्रेन नावाचा तरुण डॉक्टर सर थॉमस लुईस यांच्या हाताखाली काम करत होता. त्याने निरोगी माणसांच्या स्नायूंत थोडं तीव्र मिठाचं पाणी टोचलं आणि कळ कुठे उमटते ते विचारून कागदावर उतरवून घेतलं. कुल्ल्यात टोचलं तर दुखणं पायात उतरे. १९३८ साली त्याचा निबंध आला. स्नायूचं दुखणं पसरतं, आणि पसरताना प्रत्येक स्नायूची एक ठरावीक वाट असते, हे त्यातून दिसलं.

या वाटांचे नकाशे ज्यांनी आयुष्यभर काढले त्या डॉ. जेनेट ट्रॅव्हेल. न्यूयॉर्कच्या. १९०१ चा जन्म. दवाखान्यातला प्रत्येक जुनाट दुखणाईत त्यांच्यासाठी एक नकाशा होता. स्नायूत एक ताठ दोर लागतो, त्या दोरात एक फार दुखरा बिंदू असतो, तो दाबला की दूरवर कळ जाते. त्या बिंदूला 'ट्रिगर पॉइंट' म्हणतात. मान आणि खांदा जोडणाऱ्या स्नायूतली गाठ मानेच्या कडेने वर चढून कानशिलापर्यंत दुखवते. कुल्ल्यातल्या खोल स्नायूतली गाठ सायटिकाची हुबेहूब नक्कल करते. पोटरीतली एक गाठ टाच दुखवते. ट्रॅव्हेल या बिंदूत प्रोकेन हे बधिर करणारं औषध टोचायच्या, किंवा त्यावर थंडगार फवारा मारून तो स्नायू ताणायच्या.

१९५५ च्या मे महिन्यात त्यांच्याकडे एक तरुण सिनेटर आला. पाठीच्या दोन शस्त्रक्रिया होऊन गेलेल्या; दुसऱ्या वेळी घातलेली धातूची पट्टी जंतुसंसर्गामुळे काढावी लागलेली. नाव जॉन केनेडी. ट्रॅव्हेल यांनी त्याच्या पाठीतल्या गाठी शोधून औषध टोचलं, बुटात टाचेखाली उंचवटा दिला आणि आपल्या दवाखान्यातल्या डुलत्या खुर्चीत बसवलं. ती खुर्ची त्याला इतकी मानवली की पुढे ती त्याची ओळखच झाली. १९६१ मध्ये केनेडी राष्ट्राध्यक्ष झाले आणि ट्रॅव्हेल व्हाइट हाउसच्या डॉक्टर. त्या पदावरची ती पहिली स्त्री.

इथवरचं सगळीकडे सांगितलं जातं. पुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. त्याच वर्षी मे महिन्यात कॅनडात ओटावाला वृक्षारोपण करताना केनेडींची पाठ पुन्हा भरली. टोचणं वाढत गेलं. आराम मिळायचा आणि ओसरायचा, मग पुन्हा सुई. इतर डॉक्टर अस्वस्थ झाले आणि ऑक्टोबरात त्यांनी हान्स क्राउस यांना बोलावलं. ऑस्ट्रियात वाढलेला हा डॉक्टर कसलेला गिर्यारोहक होता. त्याने राष्ट्राध्यक्षांना तपासलं, तर पोटाचे आणि पाठीचे स्नायू दुबळे, मांड्यांच्या मागचे स्नायू ताठ. क्राउस सुईच्या विरोधात मुळीच नव्हते. स्वतःच्या रुग्णांच्या गाठींत तेही टोचत. पण इथे त्यांनी व्यायाम लावला : आठवड्यातून तीन दिवस, व्हाइट हाउसच्या पोहण्याच्या तलावाशेजारच्या लहानशा व्यायामशाळेत. महिन्यांमागून महिने गेले आणि केनेडी बरेच सुधारले.

कोथरूडच्या खाटेवर जे घडताना मी पाहिलं, त्याची किल्ली या जुन्या प्रसंगात आहे. सुईमुळे थोडा मोकळा वेळ मिळतो. त्या वेळात हालचाल झाली नाही तर गाठ परत येते.

*

ट्रॅव्हेल यांची सुई ओली होती. तिच्यातून औषध जात होतं. ती कोरडी कशी झाली?

काही डॉक्टरांना १९४० च्या दशकातच एक गोष्ट खटकू लागली होती. गाठीत बधिर करणारं औषध टोचलं तर आराम पडतो, नुसतं मिठाचं पाणी टोचलं तरी पडतो, आणि कधी कधी काहीच न सोडता सुई खुपसली तरी पडतो. मग काम कोण करतंय, औषध की सुई? 'ड्राय नीडलिंग' हे शब्द त्याच दशकात वैद्यकीय लिखाणात आले. कोरडी म्हणजे एवढंच, की तिच्यातून काहीही आत जात नाही.

१९७९ मध्ये प्रागचे डॉक्टर कारेल लेविट यांनी २४१ रुग्णांतल्या ३१२ दुखऱ्या जागांची हकिगत लिहिली. नेमक्या दुखऱ्या बिंदूत सुई गेली तर ८६.८ टक्के वेळा तिथल्या तिथे दुखणं थांबलं, आणि जागा बधिर झाली नाही. काहींचा आराम कायमचा टिकला, काहींचा काही महिने, काहींचा फक्त काही दिवस. तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे आजच्या कसोटीवर हा पुरावा अपुरा. पण प्रश्न नीट मांडला गेला. त्याच सुमारास कॅनडात व्हँकूव्हरला डॉ. चॅन गन काम करताना जखमी झालेल्या कामगारांच्या कमरांवर कोरडी सुई वापरत होते. १९९४ साली एका तुलनेत असं दिसलं, की औषधाची सुई आणि कोरडी सुई यांचा आराम सारखाच. मात्र कोरडीनंतर टोचलेली जागा जास्त ठणकते. आणि सुई लागल्यावर स्नायू आतून उडाला, तरच आराम पुरेसा पडतो.

हे उडणं काय असतं ते मी आईच्या पाठीवर पाहिलं.

पुढच्या भेटीत मॅडमनी आधी सगळं विचारून घेतलं. रक्त पातळ करायच्या गोळ्या? सुईची भीती? पूर्वी सुई पाहून भोवळ? ताप? मग काय करणार, काय वाटेल, नंतर काय दुखेल ते सांगितलं आणि म्हणाल्या, "काकू, नको वाटलं तर नको म्हणा. सुईशिवायही आपल्याला पुढे जाता येतं." आई म्हणाली, "टोचा. दोन बाळंतपणं झाली माझी."

सुई पाहून मला नवल वाटलं. भरीव, पोकळी नसलेली, पाव मिलिमीटर जाड. रक्त काढायची सुई साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर असते. एकेक सुई वेगळ्या पाकिटात, बारीक प्लॅस्टिकच्या नळीत. मॅडमनी हातमोजे घातले, कातडी पुसली, दोन बोटांत गाठ धरून ठेवली, नळी टेकवली आणि सुईच्या डोक्यावर टिचकी मारली. आईला ते कळलंसुद्धा नाही. मग नळी काढून सुई हळू आत गेली. थोडी मागे, पुन्हा आत, जरा वेगळ्या दिशेने. तिसऱ्या वेळी खवाट्यावरची कातडी एकदम फडकली. गळाला मासा लागल्यावर दोरी हिसकावी तशी. आई "आई गं!" म्हणाली आणि मग, जरा वेळाने, आश्चर्याने : "गोळा आला आणि गेला."

हा हिसका तिने दिला नव्हता. तो तिच्या हातात नाही. ताठ दोराला सुई लागली की संदेश मज्जारज्जूपर्यंत जातो आणि तिथूनच उलट येऊन स्नायू आकसतो. मेंदूला विचारलंच जात नाही. आणखी दोनदा स्नायू उडाला, चौथ्यांदा उडाला नाही. सुई निघाली, कापूस दाबला, सुई पांढऱ्या डब्यात गेली. सगळं मिळून पाच मिनिटंही झाली नसतील.

"आता हात पाठीमागे न्या."

सकाळी कमरेशी अडलेला हात कमरेच्या वर चार बोटं गेला. आईने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे होतं ते मी कितीही लिहिलं तरी पुरं येणार नाही.

*

पाच मिनिटांत नेमकं काय झालं? ट्रॅव्हेल यांचे सहकारी डेव्हिड सायमन्स यांनी या प्रश्नापायी दशकं घालवली. हा माणूस आधी हवाई दलातला डॉक्टर. १९५७ च्या ऑगस्टमध्ये एका बंद डब्यात बसून तो बलूनने तीस किलोमीटरहून अधिक उंच गेला होता. पुढे ट्रॅव्हेल यांच्यासह त्यांनी दोन खंडांचा ट्रिगर पॉइंटचा ग्रंथ लिहिला. पहिला खंड १९८३ चा, दुसरा १९९२ चा. त्यांचं म्हणणं असं : मज्जातंतू जिथे स्नायूला भेटतो तिथे ॲसिटिलकोलीन हे रसायन जास्त झिरपत राहतं. स्नायूतंतूचा तेवढाच तुकडा आवळलेला राहतो. आवळल्यामुळे रक्त कमी, रक्त कमी म्हणून प्राणवायू कमी, आणि सैल व्हायलाही ऊर्जा लागते, ती मिळत नाही. दुखवणारी रसायनं साचतात. अशी ती गाठ स्वतःलाच जखडून बसते.

२००५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत डॉ. जय शाह आणि सहकाऱ्यांनी एक अतिशय बारीक सुई बनवून थेट अशा गाठीतला द्रव टिपला. दुखणाऱ्या गाठीत आम्लता जास्त होती, दाह आणि वेदना वाढवणारी रसायनं जास्त होती. माणसं मोजकीच तपासली होती, पण तोवर नुसती अटकळ होती तिथे मोजमाप आलं.

तरी या गाठींबद्दल सगळ्यांचं एकमत आहे असं समजू नये. दोन अनुभवी तज्ज्ञ एकाच माणसाला तपासतात आणि वेगवेगळ्या जागा दाखवतात, असं अभ्यासांत आढळलं आहे. ऑस्ट्रेलियातले क्विंटनर आणि कोहेन यांच्यासारखे डॉक्टर तर म्हणतात, की दुखणं मज्जासंस्थेच्या संवेदनशीलतेत आहे, स्नायूतली गाठ हे मूळ नव्हेच. त्यांचा आक्षेप मला गंभीर वाटतो. सुईमुळे आराम पडला म्हणजे गाठीचा सिद्धान्त खरा ठरला, असं होत नाही. टोचण्याने मज्जारज्जूपाशी वेदनेचा आवाज कमी होतो, शरीराची स्वतःची वेदनाशामकं सुटतात, आणि कुणीतरी नेमक्या जागी बोट ठेवलं याचाही मोठा परिणाम असतो. यातल्या कशाचा वाटा किती, हे वेगळं काढणं अवघड. खोटी सुई टोचून तुलना करावी तर स्नायूचा हिसकाच खरी सुई कोणती ते सांगून टाकतो.

२०१७ साली बऱ्याच चाचण्या एकत्र करून केलेलं एक विश्लेषण आलं. फिजिओथेरपिस्टने केलेलं ड्राय नीडलिंग हे काहीच न करण्यापेक्षा आणि खोट्या सुईपेक्षा सरस, लगेच ते बारा आठवड्यांपर्यंत. पुरावा मात्र फारच कमी ते मध्यम दर्जाचा. इतर फिजिओ उपचारांच्या शेजारी ठेवलं तर रोजच्या कामाच्या क्षमतेत फरक दिसत नाही, आणि दीर्घकाळाबद्दल सांगायला पुरावा तोकडा. म्हणजे सुई हा एक उपयोगी मार्ग. एकमेव नव्हे. ज्यांना सुई नको त्यांचं काही हुकत नाही.

*

आता माझी गोष्ट, कारण ती सांगितल्याशिवाय आईच्या वाट्याला आलेल्या चांगल्या उपचाराची किंमत कळणार नाही.

चार वर्षांपूर्वी माझी मान धरली होती आणि डाव्या डोळ्यामागे ठणका असायचा. चष्म्याचा नंबर तपासून झाला, सायनसची औषधं झाली. एका ठिकाणी दहा भेटींचं पॅकेज मिळालं. मला स्टुलावर बसवून मानेत आणि खांद्यात सुया टोचल्या. कशासाठी, हे कुणी सांगितलं नाही. तिसऱ्या सुईला डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी कोसळले. शुद्धीवर आले तेव्हा तिथले लोक म्हणाले, होतं असं. नंतर कळलं, की भोवळ येऊ शकते म्हणूनच तर रुग्णाला झोपवून सुई टोचायची असते. दहाही भेटी झाल्या. प्रत्येक वेळी चार दिवस मान हलकी, मग पुन्हा दगड. त्या दहा भेटींत एकदाही कुणी विचारलं नाही, की मी दिवसाचे किती तास कशी बसते. एक व्यायाम सांगितला नाही. पैशांपेक्षा मला अजून लागतं ते हे, की माझी मान सुधारू शकते हे मला कुणी सांगितलंच नाही. मी समजत राहिले, की मान अशीच राहणार.

मान आणि खांदा जोडणाऱ्या स्नायूखाली फुप्फुसाचं टोक असतं, हेही मला तेव्हा ठाऊक नव्हतं. कोथरूडच्या मॅडम तो स्नायू चिमटीत धरून छातीपासून वर उचलतात आणि सुई चिमटीतल्या बोटाच्या दिशेने नेतात, कधीही खाली नाही. सुई फुप्फुसाच्या आवरणात गेली तर हवा भरून फुप्फुस आक्रसतं. अमेरिकेचा स्कीपटू टॉरिन येटर-वॉलेस याच्या बाबतीत २०१३ च्या अखेरीस, सोचीच्या हिवाळी ऑलिंपिकच्या तोंडावर, हेच झालं होतं. असं क्वचित होतं. २०२० साली आलेल्या एका अभ्यासासाठी अमेरिकेतल्या ४२० फिजिओथेरपिस्टांनी २०,४६४ उपचारांची नोंद ठेवली होती : थोडं रक्त, काळंनिळं पडणं, ठणका असे किरकोळ त्रास ३६.७ टक्के वेळा आणि गंभीर प्रकार एकूण वीस. हजारात एक म्हणजे थोडंच, पण ज्याचं फुप्फुस असतं त्याला हजाराचा हिशेब नसतो. टोचून घेतल्यावर दम लागला, श्वास घेताना छातीत कळ आली, तर घरी थांबायचं नाही, थेट रुग्णालयात जायचं. हे आईला पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं होतं. मला सांगितलं नव्हतं.

म्हणून कोण टोचतं आणि कुठल्या शिक्षणावर टोचतं, हे विचारायचा संकोच करू नये. आपल्याकडे फिजिओथेरपीच्या शिक्षणाची सुरुवात मुंबईत केईएम रुग्णालयात झाली, १९५० च्या दशकाच्या आरंभी, पोलिओच्या साथीनंतर जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने. आज महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टांची राज्य परिषद आहे आणि २०२१ चा केंद्रीय कायदाही. ड्राय नीडलिंग मात्र बहुतेक जण पदवीनंतर स्वतंत्र प्रशिक्षणात शिकतात, आणि ही प्रशिक्षणं दोन दिवसांचीही असतात, बऱ्याच लांबीचीही. "किती दिवसांचं शिकलात?" हा प्रश्न विचारल्याचा चांगल्या माणसाला राग येत नाही. मॅडमना मी विचारला. त्यांनी प्रमाणपत्रं तर दाखवलीच, शिवाय पाठीच्या फासळ्यांवरचे कोणते स्नायू त्या अजूनही टोचत नाहीत तेही सांगितलं. माझा विश्वास त्या दुसऱ्या उत्तराने बसला.

अक्युपंक्चर आणि हे एकच का, असं मला प्रत्येकाने विचारलं. सुई तीच. विचार वेगळा : तिथे चिनी परंपरेतल्या ऊर्जेच्या वाहिन्या, इथे शरीररचनाशास्त्र आणि बोटाला लागणारी गाठ. १९७७ मध्ये रोनाल्ड मेल्झॅक यांनी ट्रिगर पॉइंट आणि अक्युपंक्चरचे बिंदू ७१ टक्के जुळतात असं मांडलं, पुढे त्यावर जोरदार आक्षेप आले, आणि अमेरिकेच्या काही राज्यांत फिजिओथेरपिस्टने सुई हातात धरावी का हा वाद अजून मिटलेला नाही. महाराष्ट्रात अक्युपंक्चरसाठी वेगळा कायदा आहे. याच ओघात सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची आठवण येते. १९३८ च्या वैद्यकीय पथकातून ते चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. त्या पथकातले त्यांचे सहकारी डॉ. बिजॉय कुमार बसू पुढे पुन्हा चीनला गेले, अक्युपंक्चर शिकले आणि ते भारतात घेऊन आले. कोटणीसांच्या सोबत्याच्या हातून ती बारीक सुई आपल्याकडे आली, हे सोलापुरातही फारसं कुणाला माहीत नसावं.

*

श्रावणात दवाखान्यात ढोल-ताशा पथकातली मुलं दिसू लागली. नदीकाठी सराव सुरू झालेला असतो. कमरेला ढोल बांधून, एका हातात टिपरू घेऊन रोज संध्याकाळी तास-दोन तास वाजवायचं. वर्षभर कॉम्प्युटरपुढे बसलेल्या हाताला ते अचानक पडतं. एक मुलगा कोपराखालचा भाग धरून आला. त्याला कप उचलता येत नव्हता.

"मॅडम, उद्या मोठा सराव आहे. आज टोचून टाका ना."

"आज टोचलं तर उद्या हात ठणकेल, आणि तू तसाच वाजवशील. परवा ये. आणि तोवर हे वजन हळूहळू खाली सोडायचं, दिवसातून तीन वेळा."

"सुई नाहीच?"

"लागली तर. आधी हाताला ढोल पेलायची सवय करू."

तो नाराज होऊन गेला आणि परवा आला. तिसऱ्या भेटीत त्याला दोन सुया टोचल्या, चौथ्या भेटीत एकही नाही. रबरी पट्टा मात्र तो प्रत्येक वेळी ओढत होता. तिथे शिवणकाम करणाऱ्या एक बाई येत, एसटीचे निवृत्त चालक येत, वारीहून आलेल्या एक आजी पोटऱ्या धरून आल्या होत्या. आजींना सुई टोचलीच नाही. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, वजन उतरणं, पायाला मुंग्या किंवा लघवीवरचा ताबा जाणं, यातलं काही असेल तर मॅडम कुणालाच हात लावत नाहीत, आधी डॉक्टरकडे पाठवतात. आजींच्या एका पोटरीला सूज होती, कातडी गरम लागत होती. त्यांना रक्तवाहिनीच्या तपासणीची चिठ्ठी लिहून दिली आणि मुलाला फोन करून आजच्या आज घेऊन जायला सांगितलं.

आईला एकूण चार वेळा सुया टोचल्या. पहिल्या सुईनंतर दोन दिवस खांदा ठणकला. तिने शेक घेतला आणि सांगितल्याप्रमाणे हात हलवत ठेवला. तिसऱ्या दिवशी तिला स्वयंपाकघराच्या भिंतीसमोर उभं केलं. बोटांनी भिंतीवर चढायचं, कोळी चढतो तसं, एकेक बोट. जिथे थांबेल तिथे पेन्सिलीने खूण. लहानपणी आमची उंची तिने याच भिंतीवर मोजली होती. त्या खुणांवर आता रंग बसलाय. शेजारी तिच्या बोटांच्या नव्या खुणा आल्या. माघातल्या पहिल्या दोन खांद्याच्या जरा वर, चैत्रात कानाच्या रेषेत, वैशाखात मध्येच एक आठवडा खाली, कारण लग्नघरात तिने दोन दिवस पुरण वाटलं. मॅडमना ते सांगताना ती ओशाळली होती. मॅडम म्हणाल्या, "काकू, वाटलंत ना? म्हणजे हात चालला." आणि व्यायाम वाढवला.

आषाढानंतर सुई लागली नाही. पट्टा लागतो, भिंत लागते. माझ्याही मानेच्या व्यायामाचं वेळापत्रक आता तिच्या खुणांशेजारी चिकटवलेलं आहे. सकाळी चहा उकळेपर्यंत आम्ही दोघी भिंतीपुढे उभ्या असतो. ती मोठ्याने मोजते, कारण मी घाई करते.

दसऱ्याला तिने अंबाडा घातला. गजरा मात्र मला माळायला लावला. सगळ्यात वरची खूण आता भिंतीवरच्या कॅलेंडरच्या खिळ्याच्या खाली दोन बोटांवर आहे. नवं कॅलेंडर आपणच अडकवणार, असं तिने सांगून ठेवलंय.